तेल वर, पाणी खाली

डिसेंबर लागून दोनच दिवस झाले होते. सकाळी मी चहाचे आधण ठेवीत असताना धाकटी जाऊ मागच्या दाराने आत आली आणि एक शब्दही न बोलता तिने ओट्यावर एक बाटली ठेवली. बाटली तिनेच भरलेली. वरची चिठ्ठीही तिच्याच अक्षरातली. 'माका-जास्वंद केशलेप.' आठ दिवसांपूर्वी ह्याच बाटलीत सायीसारखा एकजीव, किंचित हिरवट झाक असलेला लेप मी स्वतः पाहिला होता. आता तिच्यात तीन मजले झाले होते. वर बोटभर तेल, थंडीने गढुळलेले; मध्ये रवाळ पांढरा थर; आणि तळाशी पाणी.

"किती?" मी विचारले.

"मोजल्या नाहीत, ताई. धीरच होत नाही."

एकूण चाळीस बाटल्या होत्या. प्रत्येकीसाठी पन्नास रुपये आगाऊ घेतलेले. ते दोन हजार रुपये बाटल्या, मेण आणि चिठ्ठ्या ह्यांत केव्हाच गेले होते. उरलेले पैसे माल हाती पडल्यावर मिळायचे आणि माल नाताळच्या आत द्यायचा, असा तिचा वायदा होता.

आमचे चितेगाव पैठणच्या रस्त्यावरचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आणि त्यांच्यामागे आमची शेते. व्हिडिओकॉन कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यातच आमच्या गावाचे नाव होते. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली. ह्या पट्ट्यात एखादा कारखाना उघडला की घरे बांधली जातात आणि मिटला की त्याच घरांच्या दारांत शिवणयंत्रे दिसू लागतात. माझे धाकटे दीर एका लहानशा कारखान्यात कंत्राटी कामावर होते. गेल्या उन्हाळ्यात ते काम सुटले. जाऊबाईंनी साड्यांना फॉल लावण्याचे काम सुरू केले आणि दिवाळीच्या सुमारास केसांच्या लेपाची कल्पना काढली.

मूळ तेल आमच्या सासूबाईंचे. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. तीन वाट्या तिळाचे तेल, एक वाटी खोबरेल. त्यात माक्याचा रस, जास्वंदीची फुले, मेथ्या आणि मूठभर कढीपत्ता. ते मंद विस्तवावर कढत असताना आत्याबाई पाटावर बसून राहत आणि अधूनमधून पळीने तळचा चोथा काढून दोन बोटांत वळीत. त्याची वात वळली गेली की चिमूटभर विस्तवात टाकीत. चटचट वाजले की म्हणत, "अजून पाणी हाय." वाजले नाही की पातेले उतरवीत. पुढे कळले, की तेल सिद्ध झाल्याची ही खूण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही सांगितलेली आहे. आत्याबाईंनी कुठला ग्रंथ वाचलेला नाही. पण त्यांच्या तेलात पाण्याचा थेंब उरत नसे, म्हणून ते फुटण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वर्षभर त्याला बुरशीही धरत नसे.

परंतु कॉलनीतील मुलींना तेल नको होते. तेल लावले की उशी माखते, ओढणी माखते. त्यांना हवे होते बाटलीतून दाबून निघणारे, पांढरे, हातावर विरघळणारे क्रीम. म्हणजे तेलात पाणी घालणे आले. आत्याबाईंनी जे तासभर विस्तवापुढे बसून घालवले, तेच आम्ही मोजून मापून परत आत आणणार होतो!

तेल आणि पाणी ह्यांचे हाडवैर आहे, असे आपण म्हणतो. पण दूध ही दोघांची उत्तम सोयरीक आहे. दुधात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे व इतर काही पदार्थांचे एक पातळ आवरण असते. ते आवरण एका अंगाने तेलाला धरते आणि दुसऱ्या अंगाने पाण्याला. अशा मिश्रणाला आपल्या विज्ञानाच्या परिभाषेत पायस म्हणतात आणि ते धरून ठेवणाऱ्या पदार्थाला पायसीकारक. आपल्याकडे गोड खिरीलाही पायस म्हणतात. परिभाषा घडवणाऱ्यांत कोणीतरी जेवणारा माणूस असावा.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊबाईंनी केलेल्या पहिल्या प्रयोगात पायसीकारक नव्हताच. अंगणातल्या कोरफडीचा गर आणि आत्याबाईंचे तेल तिने मिक्सरमध्ये घुसळले. काय सुरेख लेप झाला! रात्री आम्ही दोघींनी तो हातांना चोळून पाहिला. सकाळी पाहतो तर तेल वर, पाणी खाली. कोरफडीचा गर बुळबुळीत असतो, त्यामुळे तेलाच्या थेंबांना वर यायला उशीर होतो इतकेच. जवसाचे किंवा मेथीचे बुळबुळीत पाणी घातले तरी असाच भास होतो. जॉर्ज स्टोक्स ह्या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेला एक नियम मी शाळेत शिकवीत असे. द्रवात तरंगणाऱ्या थेंबाचा वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंब दहापट लहान केला तर वेग शंभरपट कमी होतो; द्रव दुप्पट दाट केला तर वेग निम्मा होतो. म्हणजे दाटपणापेक्षा थेंबाचा बारीकपणा अधिक मोलाचा. परंतु मिक्सरने बारीक केलेले थेंब आवरणावाचून एकमेकांना भेटले की पुन्हा मोठे होतात. घुसळणे हे लग्न लावणे झाले. संसार धरून ठेवायला दुसरेच काही लागते.

दुसऱ्या वेळी तिने मधमाशीचे मेण घातले. कोणीतरी तिला सांगितले होते, की मेणाने तेल व पाणी बांधले जाते. हा समज फार पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन ह्याच्या नावावर मेण, ऑलिव्हचे तेल व गुलाबपाणी ह्यांचा थंड लेप सांगितला जातो. पण तोही फार काळ एकजीव राहणारा नव्हता. पुढे त्यात टाकणखार घालू लागले, तेव्हा मेणातील आम्लापासून थोडा साबण तयार झाला आणि त्या साबणाने काम केले. नुसते मेण दाटपणा आणते, आणि त्या दाटपणावर आपण फसतो. आमच्या लेपावर दोनच दिवसांत घाम फुटल्यासारखे पाण्याचे मणी उभे राहिले. रिठ्याचे पाणीही तिने घालून पाहिले. रिठ्यात फेस करणारे द्रव्य असते, त्यामुळे काही तास लेप बरा राहिला. मग तोही गेला.

शेवटी ती शहरात जाऊन रसायनांच्या दुकानातून इमल्सिफायिंग वॅक्स घेऊन आली. हे नावाचेच मेण. त्यात सेटोस्टेअरिल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ असतो आणि थोडे सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे साबणाच्याच जातीचे द्रव्य, असते. पहिल्यांदा तिने ते गरम तेलात वितळवले आणि त्यात थंड पाणी ओतले. मेणाने जागच्या जागी गोठून साबुदाण्यासारखे गोळे धरले. तेव्हा ती माझ्याकडे आली. मी तिला कढीची आठवण करून दिली. उकळत्या फोडणीत फ्रीजमधले ताक ओतणारी सून एकदाच ओतते! तेल व मेण एका पातेल्यात आणि पाणी दुसऱ्या पातेल्यात, दोन्ही सत्तर ते पंच्याहत्तर अंशांपर्यंत तापवावीत, मग एकत्र करावीत, आणि लेप कोमट होईपर्यंत ढवळत राहावे. मेण तेलाच्या साधारण चौथाई घ्यावे. वीस ग्रॅम तेलाला पाच ग्रॅम, आणि बाकी पाण्यासह सगळे मिळून शंभर ग्रॅम. प्रयोगशाळेत वापरतात तसला तापमापक माझ्या जुन्या पेटीत होता, तो मी तिला दिला. ह्या रीतीने केलेला लेप टिकला. आठ दिवस टिकला, पंधरा दिवस टिकला, आणि मग तिने आगाऊ पैसे घेतले.

तीच ही बाटली माझ्या ओट्यावर होती.

आम्ही तिच्या घरी गेलो. खोक्यात बाटल्या सरमिसळ ठेवलेल्या होत्या. एकेक काढून उजेडात धरली. काही उत्तम होत्या, काही तीन मजली. मला वाटले, एकाच हातचे, एकाच मापाचे काम, मग असे कसे? तेवढ्यात दिरांचा मुलगा म्हणाला, "मोठी आई, हिरव्या टोपणाच्याच खराब झाल्यात." खरेच होते. दुकानात पांढरी टोपणे संपली म्हणून निम्म्या बाटल्यांना हिरवी टोपणे मिळाली होती. पांढऱ्या टोपणाच्या वीस बाटल्या सोमवारी भरलेल्या, हिरव्या टोपणाच्या वीस गुरुवारी. हिरव्यांपैकी सतरा खोक्यात होत्या आणि सतराही फुटलेल्या. उरलेल्या तीन कॉलनीतील तीन घरी आधीच पोचल्या होत्या.

फुटणे दोन प्रकारचे असते आणि गृहिणीला ते दोन्ही ठाऊक असतात. दूध शांत ठेवले की वर साय येते. थेंब वर चढलेले असतात, पण त्यांची आवरणे शाबूत असतात. साय दुधात मोडली की पुन्हा दूध होते. तेच विरजून घुसळले की लोणी निघते. थेंबांची आवरणे मोडून ते एकमेकांत मिसळलेले असतात. त्या लोण्याचे कोणी परत दूध करून दाखवावे! बाटलीच्या वरच्या भागात नुसता दाट थर दिसला आणि हलवल्यावर दिवसभर एकजीव राहिला, तर ती साय समजावी. मेण थोडे वाढवून, थेंब अधिक बारीक करून ते सुधारता येते. पण वर निखळ तेल दिसले तर ते लोणी. आमच्या सतराही बाटल्यांत निखळ तेल होते.

तरीही त्या सकाळी मी एक वाक्य बोलून गेले, ते इथे लिहिणे भाग आहे. मी म्हटले, "चिठ्ठीवर लिही, वापरण्यापूर्वी बाटली हलवावी. औषधांवर लिहितात की." जाऊबाईंच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून मलाच बरे वाटले. तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवलेली बाई मी!

दुपारी विचार केला तेव्हा माझे मलाच पटेना. मग मी सोमवार आणि गुरुवार ह्यांत काय फरक होता, तो शोधायचे ठरवले. जाऊबाईंनी वहीत सगळे लिहिले होते. तेल, मेण, पाणी, दोन्ही पातेल्यांचे तापमान, ढवळण्याची मिनिटे. एकच फरक मला सापडला. सोमवारी शुद्ध पाण्याच्या जारमधले पाणी होते. गुरुवारी जारवाला आला नाही म्हणून बोअरचे पाणी उकळून घेतले होते. मी जवळजवळ टाळीच वाजवली. पैठणला नाथसागर भरलेला असला तरी आमच्या आळीत बोअरचेच पाणी. पातेल्यांवर पांढरी पुटे चढवणारे, साबणाला फेस न येऊ देणारे. आमच्या पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणत. त्यातील चुना व मॅग्नेशियम साबणाच्या जातीच्या द्रव्यांना अडवतात. मी जाऊबाईंना आणि दिरांना अर्धा तास समजावून सांगितले. दोघे मान डोलावीत होते. जाऊबाई मात्र खाली पाहून. ते मला तेव्हा दिसले, पण त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन छोटे नमुने केले. एक जारच्या पाण्याचा, एक बोअरच्या पाण्याचा, आणि केवळ तपासापुरता एक मोटारीच्या बॅटरीत घालतात त्या ऊर्ध्वपातित पाण्याचा. पाच दिवस वाट पाहिली. बोअरच्या पाण्याचा नमुना थोडा रवाळ झाला, पण फुटला नाही. माझा दुष्फेन पाण्याचा सिद्धान्त पाण्यातच गेला. मग मी थंडीला दोष दिला. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठू लागते आणि गोठताना त्याचे कण थेंबांची आवरणे टोचून फोडू शकतात. पांढऱ्या टोपणाची एक बाटली रात्री फ्रीजमध्ये, दिवसा गच्चीवर पत्र्याखाली, अशी चार दिवस नाचवली. तिला काही झाले नाही. आमचे हे म्हणाले, धुलाई यंत्राच्या कोरड्या पिंपात घालून फिरवा, म्हणजे महिन्याचे काम दहा मिनिटांत होईल. कल्पना शास्त्रशुद्ध होती. पण यंत्र माझे होते.

दहा दिवस असे गेले. नाताळ जवळ आला. मी जाऊबाईंच्या घरी गेले की ती आता माझ्याशी फारसे बोलत नसे. मला वाटे, काळजीने.

उलगडा आत्याबाईंनी केला. त्यांना आता नीट दिसत नाही. संध्याकाळी त्या अंगणात बसल्या असता मी दोन्ही टोपणांच्या बाटल्या उघडून त्यांच्या हातात दिल्या. आपल्या तेलाचे काय झाले ते त्यांना कळावे, एवढ्याच हेतूने. पांढऱ्या टोपणाची त्यांनी हुंगली आणि मान हलवली. हिरव्या टोपणाची हुंगली, परत हुंगली, आणि म्हणाल्या, "थोरले, ह्यात दुकानाचा वास हाय."

"दुकानाचा म्हणजे, आत्याबाई?"

"धाकटीच्या लेकीच्या डोक्याला येतो, तसला."

जाऊबाई चुलीजवळ होती. तिने पदर तोंडाला लावला. गुरुवारी लेप करताना तिला तो हाताला कोरडा वाटला. गिऱ्हाइकांनी तक्रार करू नये, केस रेशमासारखे वाटावेत, म्हणून मुलीच्या बाटलीतले विकतचे कंडिशनर तिने पातेल्यात ओतले होते. चिठ्ठीवर 'घरगुती' असे लिहिलेले, म्हणून वहीत ते नोंदवले नाही. मला सांगितले नाही, कारण मी हसेन असे तिला वाटले. "तुम्ही मागे त्या मेणाला हसला होतात ना, ताई," ती म्हणाली. मी हसले होते. चारचौघींत हसले होते.

त्या रात्री मी खात्री करून घेतली. चांगल्या लेपाच्या वाटीत चमचाभर कंडिशनर मिसळले. झोपण्यापूर्वी त्यात रवा दिसू लागला. सकाळी तळाशी पाणी होते. कारण सोपे आहे. आमच्या मेणातील साबणाच्या जातीचे द्रव्य ऋण विद्युतभार धारण करते. तेलाचा प्रत्येक थेंब ते पांघरून बसतो, सगळे थेंब ऋणभारित होतात आणि म्हणून एकमेकांना दूर लोटतात. ओला केसही ऋणभारित असतो. म्हणून कंडिशनरमध्ये मुद्दाम धनभारित द्रव्य घालतात, म्हणजे ते केसाला चिकटून राहते. हे धन आणि ते ऋण एका पातेल्यात आले की केसांपर्यंत पोचण्याआधी एकमेकांनाच मिठी मारतात. थेंबांचे पांघरूण ओढले जाते आणि ते एकमेकांत मिसळतात. धनभारित द्रव्यांबरोबर चालणारी वेगळी मेणे मिळतात. पण दोन्ही जाती एकत्र घालू नयेत. लिंबाचा रस, मीठ, तुरटी ह्यांबाबतही जपावे. साबणावर उभा असलेला लेप लिंबाच्या रसाने हमखास फुटतो. ह्यातले काही मला नवे नव्हते. मला वहीत न लिहिलेली गोष्ट तेवढी ठाऊक नव्हती, आणि ती मला सांगता येईल असे मी तिला वाटू दिले नव्हते.

कारण सापडले म्हणून बाटल्या सुधारल्या नाहीत. उलट दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या टोपणाची, म्हणजे चांगल्यांपैकी, एक बाटली उघडली तर टोपणाच्या आत मोहरीएवढा काळा ठिपका. बुरशी. तिच्या लेपात परिरक्षक नव्हता. 'रसायनविरहित' हाच तर तिचा अभिमान. पाणी असलेला कोणताही लेप परिरक्षकावाचून फ्रीजमध्ये फार तर आठवडाभर ठेवावा. ही गोष्ट मला माहीत होती. मी ती आधी का बोलले नाही, ह्याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तिने विचारले नाही म्हणून मी बोलले नाही, असे म्हणावे तर ते खरे आहे आणि पुरेसे नाही. न फुटलेला लेप पाहून माझ्यासारखीलाही वाटले, की हा चांगला आहे. डोळ्यांना एकजीव दिसणाऱ्या बाटलीत बुरशी वाढू शकते, आणि बुरशी व सूक्ष्मजंतू लेपातील दाटपणा आणणारी द्रव्ये खाऊ लागले की पुढे तीही बाटली फुटते. हलवून वापरा म्हणणे का चूक, तेही तेव्हा मला पुरते उमगले. फुटलेल्या बाटलीत कोणते द्रव्य तेलात गेले, कोणते पाण्यात राहिले, ह्याचा भरवसा नसतो. एका दिवशी डोक्याला नुसते तेल लागेल, दुसऱ्या दिवशी नुसते पाणी, आणि त्या पाण्यात काय वाढले आहे ते दिसणार नाही. टाळूवर खाजवून झालेले बारीक ओरखडे असतात. तिथे असले पाणी चोळणे बरे नव्हे.

चाळीसही बाटल्या बाद करायचे ठरले. दीर आधी रागावले. म्हणाले, "वहिनी, निदान पांढऱ्या तरी जाऊ द्या. सण तोंडावर आहे, लोक आठवड्यात संपवतील." जाऊबाई मध्येच म्हणाली, "नाही." एवढेच. मग ते काही बोलले नाहीत.

गेलेल्या तीन बाटल्या परत आणायला आम्ही दोघी निघालो. पहिल्या घरी बाई म्हणाल्या, "अहो, मी हलवून लावते. छान आहे की!" त्यांच्याकडून बाटली काढून घेताना भांडण व्हायची वेळ आली. दुसऱ्या घरी कुलूप. तिसऱ्या घरी कॉलेजात जाणारी एक मुलगी होती. तिच्या कानामागे लाल चट्टा उठला होता आणि दोन दिवस खाज होती. लेपाने की नव्या शाम्पूने, ते तिला सांगता येईना, आम्हालाही नाही. जाऊबाईंनी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले, फी स्वतः दिली, आणि बाटलीही डॉक्टरांना दाखवली. चट्टा चार-पाच दिवसांत गेला. नवा लेप कोणताही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे, हे डॉक्टरांनी सांगितले. ते आमच्या चिठ्ठीवर कुठेच नव्हते. परतताना रस्त्यात ती मला म्हणाली, "ताई, चट्टा चेहऱ्यावर असता तर?" मी काही बोलले नाही. पैठणच्या बाजूने उसाच्या ट्रॉल्या येत होत्या. त्या जाईपर्यंत आम्ही कडेला उभ्या राहिलो.

आगाऊ घेतलेले दोन हजार मी देऊ केले. तिने घेतले नाहीत. फॉल-पिकोच्या पैशांतून फेब्रुवारीअखेर तिने चाळीसही घरची रक्कम फेडली. प्रत्येक नावापुढे वहीत सही घेतली.

विक्रीचे म्हणाल तर तो विचार तिने तूर्त बाजूला ठेवला आहे, आणि त्याला आणखी एक कारण घडले. चौकशी करताना कळले, की विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. परवाना लागतो आणि घरच्या ओट्यावर तो मिळत नाही. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करून घेण्याची सोय नियमांत आहे. तिची त्याबाबत चौकशी चालू आहे. बचत गटांतून, सणावारी टेबले मांडून असे लेप विकणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना हे ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते.

लेप करणे मात्र तिने सोडलेले नाही. घरापुरत्या दोन-तीन बाटल्या ती करते. भांडी व बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन वाळवते. लेप पंचेचाळीस अंशांच्या खाली उतरला की फिनॉक्सिएथेनॉल असलेला परिरक्षक घालते. फिनॉक्सिएथेनॉल शंभर ग्रॅमला एक ग्रॅमपेक्षा अधिक नको, म्हणून त्यासाठी तिने सोनाराकडे असतो तसला बारीक काटा आणला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलते. प्रत्येक खेपेची एक बाटली वापरायला न घेता खिडकीत ठेवते, तिच्यावर तारीख. आणि वही आता माझ्यापेक्षा नीट ठेवते. परवा मी सहज चाळली, तर एका पानावर लिहिलेले होते: 'आज कंटाळा आला म्हणून दहा मिनिटे कमी ढवळले.' त्याखाली दुसऱ्या शाईने: 'नवव्या दिवशी साय. मोडली. पुन्हा आली.'

आत्याबाई ह्या सगळ्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. त्यांचे तेल गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी त्यांच्यासमोर कढवले. चोथ्याची वात त्यांनीच वळली आणि विस्तवात टाकायला माझ्या हातात दिली. मी कान देऊन ऐकले. वाजले नाही असे मला वाटले.

"वाजलं," धाकटी म्हणाली.

आत्याबाईंनी पातेले उतरवू दिले नाही.